बाई, हात लावू का?

मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवणाऱ्या बाईंचं पत्र आलं आहे. दोन्ही वर्गांची मिळून ३८ मुलं. गेल्या वर्षी सहलीत त्यांनी मुलांना एका संग्रहालयात नेलं होतं. तिथल्या अंगणात मांडलेल्या वीरगळावर, म्हणजे वीराच्या स्मारकशिळेवर, कोरलेल्या तलवारीवरून एका मुलानं बोट फिरवलं. पहारेकरी ओरडला आणि बाईंनीही सगळ्यांदेखत त्या मुलाच्या पाठीत धपाटा घातला. त्याची रुखरुख त्यांना अजून आहे. यंदा जवळच्याच एका छोट्या संग्रहालयानं मुलांसाठी ४५ मिनिटांची स्पर्श-कार्यशाळा घ्यायची तयारी दाखवली आहे. पण हाताळायला मिळणार त्या बहुतेक प्रतिकृती आणि थोडी जुनी खापरं. बाई विचारतात, खोट्या वस्तू हातात देऊन मुलांना काय मिळणार? त्यापेक्षा तेच पैसे जमवून पुण्या-मुंबईचं मोठं संग्रहालय दाखवावं का? वर्गात एक मुलगी आहे, तिला फार अंधुक दिसतं. मुख्याध्यापकांचं म्हणणं, कार्यशाळा तिच्यापुरती करा, बाकीच्यांना हात लावायची सवय लागली तर पुढच्या ठिकाणी ती काहीतरी फोडून ठेवतील. पत्राच्या शेवटी बाईंनी विचारलं आहे : “मुलांना आधी शिस्त शिकवू की हात लावायला शिकवू?”

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नात ‘की’ आहे, तिथेच मी अडखळले. शिस्त एका बाजूला आणि हात लावणं दुसऱ्या बाजूला, असं तुम्ही धरून चालला आहात. मुख्याध्यापकही तेच धरून चालले आहेत. इतकी वर्षं संग्रहालयांत मुलांबरोबर बसल्यावर मला उलटं दिसतं. वस्तू कशी धरायची हे ज्याला कुणी शिकवलंच नाही, त्याच्या हातून ती पडते. ज्याला शिकवलंय, तो ती उचलण्याआधी क्षणभर थांबतो. ते थांबणं म्हणजेच तुम्हाला हवी असलेली शिस्त, आणि ती वस्तू हातात घेतल्याशिवाय येत नाही. पोहायला काठावर बसून कुणी शिकतं का?

आधी त्या वीरगळाच्या मुलाविषयी. त्यानं दगडावर रेघ ओढली नाही, खडा मारला नाही, वर चढून बसला नाही. तलवारीवरून बोट फिरवलं. म्हणजे ३८ मुलांपैकी एकाला कळलं, की ही तलवार दगडातून उठून आली आहे, तिला धार असावी असं वाटतंय, ती कुणीतरी कोरली आहे. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या माणसाची आठवण. त्या मुलाचं बोट नेमकं जिथे गोष्ट आहे तिथे गेलं होतं. पहारेकऱ्याचंही चूक नव्हतं, त्याला तेच सांगितलेलं असतं. पण तुम्ही त्या मुलाला एकदा जवळ बोलावून म्हणा, “त्या दिवशी तू काय शोधत होतास ते मी विचारायला हवं होतं.” एवढंच म्हणा. आणि या वर्षीच्या तयारीत त्याला बरोबर घ्या.

आता ‘हात लावू नका’ या पाटीमागचं कारण. मुलांना आपण पाटी दाखवतो, कारण सांगत नाही. ते तुमच्या गावातच सापडेल. महादेवाच्या देवळातल्या नंदीपाशी मुलांना घेऊन जा. त्याच्या पाठीवर आणि शिंगांवर हात फिरवायला सांगा, मग पोटाखाली आणि पायांच्या आतल्या बाजूला. शिंगांमधून पिंडीचं दर्शन घेताना जिथे पिढ्यान्‌पिढ्या हात टेकले, तिथला काळा दगड गुळगुळीत झालेला असतो. पायाशी मात्र टाकीचे घाव अजून बोटाला लागतात. बेसॉल्टसारखा कठीण दगड, तोही माणसाच्या तळहातानं झिजतो. मग विचारा, “तुझ्या एकट्याच्या हातानं काय होईल? आणि रोज शंभर जण आले तर?” पाटी कशासाठी असते हे तिसरीतलं पोरगं तुम्हाला समजावून सांगेल.

दुसरा एक प्रयोग शाळेतच करता येईल. तांब्याची ताटली चिंच-मिठानं लख्ख घासा, भरपूर पाण्यानं धुवा आणि पूर्ण कोरडी करा. आंबट आणि मीठ राहिलं तर तेच तिला डागाळतं. मग तिच्या अर्ध्या भागावर प्रत्येक मुलाला एक-एक बोट टेकवू द्या, अर्धा भाग तसाच सोडा आणि ताटली खिडकीत ठेवा. काही दिवसांत बोटांचे ठसे काळपट उमटू लागतात. घामात मीठ असतं, त्वचेवर तेल असतं, ते धातूशी आपलं काम करत राहतं. धातूच्या जुन्या वस्तू हातमोजे घालून धरतात ते याचसाठी. खापराच्या वस्तूंना मात्र धुतलेले, कोरडे, उघडे हातच बरे; मोज्यात पकड सुटते. हे मुलांना सांगाच. कुठली वस्तू कशी धरायची हा विचार करण्याचा विषय आहे, हे त्यातून त्यांच्यापर्यंत पोचतं.

हाताळायचं कसं, ते आता सविस्तर लिहिते, कारण कार्यशाळा बिघडते ती इथे. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका संग्रहालयात मी टेबलावर दहा-बारा वस्तू मांडल्या आणि ४० मुलांत त्या फिरवायला दिल्या. वीस मिनिटांत सगळ्यांनी सगळं बघावं अशी माझी घाई. एक मातीची पणती या हातातून त्या हातात जाताना मधल्या मधे सुटली आणि फुटली. जिच्या हातून सुटली ती मुलगी दिवसभर कुणाशी बोलली नाही. चूक तिची नव्हती, मांडणी माझी होती. त्या दिवसापासून मी वस्तू हातातून हातात जाऊ देत नाही. एकानं खाली ठेवायची, हात बाजूला घ्यायचे, मग दुसऱ्यानं उचलायची.

टेबल तर नकोच. सतरंजी टाका, तिच्या मधोमध चौघडी वाकळ किंवा जाड गोधडी, आणि वस्तू त्या गोधडीवर. मुलं भोवती मांडी घालून. वस्तू गोधडीच्या वरून वीतभरच उचलायची. म्हणजे सुटली तरी पडायला उंचीच नाही. दोन्ही हात वापरायचे, एक तळाखाली आणि एक पोटाशी. कान, कड, तोटी धरून उचलायचं नाही, कारण जुन्या भांड्याची सगळ्यात कच्ची जागा तीच असते. अंगठ्या, कडी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवायचं. तुमचंही, ताई. हे नियम सहलीच्या दिवशी सांगू नका. आदल्या आठवड्यात शाळेत पाण्यानं भरलेल्या मातीच्या वाडग्यावर सराव करून घ्या. पाणी सांडलं की मुलाला स्वतःलाच कळतं, कुणाला ओरडावं लागत नाही.

संख्येचा हिशोबही मांडते. ३८ मुलं आणि ४५ मिनिटं एकत्र बसत नाहीत. संग्रहालयाला विनंती करा, ४५ मिनिटं दोनदा द्या. १९ मुलं आत, १९ अंगणात चित्रं काढत, मग अदलाबदल. आतल्या १९ मुलांचे तीन गट, तीन सतरंज्या, प्रत्येकीवर एक वस्तू. बारा-बारा मिनिटांनी गटांनी जागा बदलायची. नियमांची उजळणी आणि हात धुणं धरून तेवढ्यात होतं. दिवसभरात प्रत्येक मुलाच्या वाट्याला तीनच वस्तू येतील. तुम्हाला हे फार थोडं वाटेल. पण बारा मिनिटं एका खापराबरोबर काढलेलं मूल मी पाहिलंय. पहिली दोन मिनिटं “छान आहे, जुनं आहे” एवढंच येतं. चौथ्या-पाचव्या मिनिटाला ते आतल्या बाजूला बोट घालतं आणि म्हणतं, “बाई, इथे वळ्या आहेत.” त्या वळ्या कुंभाराच्या बोटांच्या. चाक फिरत होतं, ओली माती बोटांखालून सरकत होती, ती खूण भट्टीत पक्की झाली. सातवाहन काळातलं खापर असेल तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची बोटं जिथे होती, नेमकी तिथे तुमच्या तिसरीतल्या मुलाची बोटं बसतात. काचेआडून हे कधीच कळणार नाही.

त्या वेळी ‘हे काय आहे?’ असं लगेच विचारू नका. नाव सांगितलं की मुलं शोधायचं थांबतात. ‘हाताला काय लागतंय?’ असं विचारा. आणि इथे भाषेचा केवढा ठेवा उघडतो बघा : खरखरीत, खडबडीत, रवाळ, चरचरीत, गुळगुळीत, बुळबुळीत, मऊसूत, बोथट, टोकदार, गार, जड, पोकळ, भरीव. आपल्या मराठीत स्पर्शाचे शब्द उदंड आहेत, आणि मुलांच्या वहीत मात्र ‘छान’ आणि ‘सुंदर’ एवढेच उरतात. मुलं घरून जे शब्द आणतील ते तसेच फळ्यावर लिहा, पुस्तकी करायला जाऊ नका. मग विचारा, कुठे झिजलंय? कुठल्या बाजूनं? उजव्या हाताच्या माणसानं वापरलं असेल की डावखुऱ्यानं? टिचकी मारली तर आवाज कसा येतो? संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून ज्यांना नाव मिळालं ती सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची, लाल रंगावर काळी नक्षी असलेली भांडी इतकी चांगली भाजलेली असतात, की टिचकी मारल्यावर धातूसारखी खणखणतात. कच्च्या भाजणीचं खापर भद्द वाजतं. भट्टी किती तापली होती याचा अंदाज मुलं कानानं घेतात.

आता प्रतिकृतींचं. त्यांना तुम्ही ‘खोट्या वस्तू’ म्हणता. प्रतिकृती खोटी केव्हा होते? ती अस्सल म्हणून हातात दिली तर. “ही अमक्या वस्तूची नक्कल आहे, मूळ तिथे कपाटात आहे” असं आधीच सांगितलं तर मुलांना काही कमी वाटत नाही. ती लगेच दोन्हींची तुलना करू लागतात. मात्र प्रतिकृतीची एक मर्यादा आहे आणि ती लपवू नका. आकार ती खरा सांगते, वजन आणि गारवा मात्र सांगत नाही. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला एका शेतकऱ्याला चार कांस्यवस्तू सापडल्या : बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन ६० किलोंच्या वर. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात तुमच्या चौथीतली दोन मुलं बसवली तरी पारडं या चौघांच्याच बाजूला झुकेल. त्यातल्या हत्तीची फायबरची प्रतिकृती एक मूल एका हातानं उचलेल. म्हणून धातूच्या वस्तूच्या प्रतिकृतीशेजारी घरातली एखादी भरीव पितळी वस्तू ठेवा, खलबत्त्याचा बत्ता उत्तम. एका हातात नक्कल, दुसऱ्या हातात बत्ता. “खरा हत्ती असा जड आणि असा गार.” बाकीचं मुलं मनात जुळवून घेतात.

मोठ्या शहराचं संग्रहालय विरुद्ध जवळचं छोटं, हा तुमचा दुसरा पेच. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय किंवा पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय मुलांनी आयुष्यात बघावंच. पण तिसरीतल्या मुलाला रात्रभर एसटीत बसवून, सकाळी अर्धवट झोपेत दालनामागून दालन चालवलं, तर त्याच्या लक्षात जिना आणि आइस्क्रीम राहतं. केळकर संग्रहालयात सुमारे वीस हजार वस्तूंचा संग्रह आहे आणि त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या असतात; तेवढ्याही एका दिवसात कुणा मोठ्या माणसाच्या पचनी पडत नाहीत. तुमचं जवळचं संग्रहालय छोटं आहे हा इथे फायदा आहे. तेरचं संग्रहालय आठवा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्याच गावच्या मातीत सापडणाऱ्या वस्तू जपल्या, त्यातून ते उभं राहिलं. तेर म्हणजे रोमपर्यंत व्यापार असलेलं जुनं तगर. मुलांना ‘हे आपल्या शिवारातलं’ असं म्हणता येणं ही वेगळीच गोष्ट आहे. पैसे मोठ्या सहलीसाठी जरूर जमवा, ती सहावी-सातवीत न्या. आणि मुंबईच्या संग्रहालयाची २०१५ पासून फिरत्या संग्रहालयाची बस आहे, ती शाळांपर्यंत जाते. तिच्याविषयी एक पत्र पाठवून चौकशी करायला काहीच हरकत नाही.

त्या मुलीविषयी मुख्याध्यापकांशी मी ठाम असहमत आहे, आणि तुम्हीही राहा. तिच्यापुरती वेगळी कार्यशाळा म्हणजे ३७ मुलं बघत उभी आणि ती एकटी मधे बसून चाचपडतेय. तिला ते कसं वाटेल? सगळ्यांच्या हातात वस्तू असेल तेव्हाच ती इतरांसारखी एक होईल. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयानं २०१५ साली ‘अनुभव’ नावाचं स्पर्शदालन दृष्टिहीनांचा विचार करून उघडलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांस्कृतिक जीवनातला सहभाग इतरांच्या बरोबरीनं मिळावा असं म्हटलंय, हे मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. पण ‘सगळ्यांसाठी’ करताना एक मोह टाळा. बाकीच्या मुलांच्या डोळ्यांना पट्टी बांधून ‘बघा, तिला कसं वाटतं’ असा खेळ घेऊ नका. पट्टी बांधलेल्या मुलाला पाच मिनिटं भीती आणि गंमत वाटते, तिचं जगणं त्याला त्यातून कळत नाही. डोळ्यांवाचून ओळखायचं असेल तर वस्तू जाड कापडाच्या पिशवीत ठेवा आणि सगळ्यांनी, तिच्यासकट, पिशवीत हात घालून ओळखावं. तिलाच ‘तू शिकव’ असंही परस्पर ठरवू नका. तिला हवं असेल तर ती सांगेल. आणि काही मुलांना खडबडीत किंवा थंड वस्तू हातात घेणं मनापासून नकोसं वाटतं. त्यांना बाजूला बसून बघू द्या, आग्रह नको.

समजा संग्रहालयानं ऐन वेळी नकार दिला, किंवा बसचा खर्च जमला नाही? तरी ही कार्यशाळा शाळेत होते. ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं, दगड याच साहित्यावर बालवाड्या उभ्या केल्या. तुम्ही एक पत्र्याची पेटी घ्या आणि गावातून वस्तू मागा. मात्र ‘जुनी, मौल्यवान वस्तू आणा’ असं म्हणू नका, नाहीतर ती कुणाचा वाडा मोठा याची जत्रा होईल आणि ज्यांच्या घरी पत्र्याची पेटी सोडून काही नाही ती मुलं मान खाली घालतील. ‘हातानं झिजलेली वस्तू आणा’ असं म्हणा. मग मापटं, सुपली, खुरप्याची मूठ, जात्याचा खुंटा, चरकाची दांडी, आजीचा अडकित्ता येईल. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं मूल कोयत्याची जुनी लाकडी मूठ आणेल (पातं काढून, हे आधीच घरी सांगा), आणि त्या मुठीवर त्याच्या आईच्या बोटांचे खोलगट ठसे असतील. त्या दिवशी वर्गात त्या मुलाइतकं सांगण्यासारखं कुणाकडेच नसेल. जात्याची तळी आणली तर तिच्यावरच्या टाकीच्या खळग्यांवर बोट फिरवू द्या आणि विचारा, दगड मुद्दाम खडबडीत का केला? आजीला शाळेत बोलवा. जातं कधी टाकवून घ्यायचं हे पीठ जाड येऊ लागल्यावर कसं कळायचं, ते तीच सांगू शकते.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. गावाच्या जुन्या पांढरीत, म्हणजे पूर्वी वस्ती होती त्या जागी, खापरं, मणी, नाणी पावसानंतर उघडी पडतात. पेटीसाठी तिथून काही उचलून आणायला मुलांना सांगू नका. संरक्षित स्थळावरून काहीही हलवणं गुन्हा आहे, आणि जमिनीत नाणी किंवा मौल्यवान काही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्यासाठी १८७८ सालचा कायदा आजही आहे. कायद्याहून मोठं कारण म्हणजे खापर जागेवरून हललं की ते कुठल्या थरात, कशाशेजारी होतं ही त्याची अर्धी गोष्ट कायमची जाते. मुलांनी ते जागेवरच बसून बघावं, चित्र काढावं, तिथेच ठेवून यावं. तुमच्या वीरगळवाल्या मुलाला हे काम जमेल असं मला वाटतं.

सहलीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी ‘आमची सहल’ निबंध नको. चिकणमाती द्या. पोळ्याला बैल करणारी ही मुलं आहेत, माती त्यांच्या हाताला ओळखीची आहे. डोळे मिटून, आठवणीतल्या स्पर्शावरून, हातात घेतलेली एक वस्तू करायची. बहुतेकांचा आकार चुकेल, पण तोटी कुठे होती, कड किती जाड होती हे बरोबर येईल. मग सगळ्या मातीच्या वस्तू गोधडीवर ठेवून एकमेकांच्या हाताळायच्या, त्याच नियमांनी.

संग्रहालयाला आजच पत्र लिहा. त्यात चार गोष्टी मागा : दोन तुकड्या, खाली बसायची जागा, हात धुवायला पाणी, आणि प्रतिकृतींबरोबर निदान एक अस्सल खापर. ते कुठलं द्यायचं आणि द्यायचं की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. तुमच्या मुलांनी कसा सराव केलाय हे त्यांना सविस्तर कळवलंत तर होकाराची शक्यता वाढते. आणि पत्र टपालात टाकण्याआधी त्या मुलीला विचारा, तिला कुठल्या सतरंजीपासून सुरुवात करायची आहे.